भडक्याने चेहरा कोरला नाही

काकाने आयुष्यात किती जणांना मारलं याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मी स्वतः पाहिलेली पहिली मारामारी सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. कोळसा आणणारा गाडीवाला पोती उतरवून दमला होता. आमच्या कारखान्याच्या दाराशी कमरेएवढी एक पितळी मूर्ती आडवी ठेवलेली होती, तिचा चेहरा अजून व्हायचा होता. गाडीवाल्याने तिच्या छातीवर बूड टेकलं आणि पोटावर चहाचा पेला ठेवला. काका भट्टीकडून आला. त्याने गाडीवाल्याची गचांडी धरली आणि त्याला दाराबाहेर फेकलं. पेला फुटला, गाडीवाल्याच्या कोपराचं हाड मोडलं.

गाडीवाला काकाच्याच धर्माचा. धुळीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "तुझा काय देव लागतो का तो?"

"माझा असता तर एक वेळ सोडलं असतं तुला," काका म्हणाला. "दुसऱ्याचा आहे."

गल्लीत त्याला भडका म्हणायचे. भट्टीचं काम आणि डोक्याची ठेवण, दोन्हींना ते नाव शोभायचं, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटायचं नाही. मी त्याला काका म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, अहो-जाहो. लहानपणी एकदा मी काकालाही अहो म्हणून पाहिलं, तर तो मागे वळून बघायला लागला, कोण आलंय म्हणून. त्या दोघांची तीस वर्षांची भागीदारी होती. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मी त्या कारखान्यातच वाढले, पितळेच्या किसात खेळत.

काकाच्या धर्मात देव एकच. त्याला रूप नाही, त्याचं चित्र कुणी काढायचं नाही, आणि माणसाने कशाचाच चेहरा घडवायचा नाही, कारण चेहरे घडवणं हे त्या एकाचं काम. आमच्यात देव किती, हे मला आजही धड सांगता येणार नाही. एक रुसला तर दुसऱ्याकडे जायची सोय आहे. आप्पा काकाला म्हणायचे, "तुझा तो एकटाच. त्याला करमतं कसं?" आणि काका म्हणायचा, "तुझे इतके आहेत, त्यांना एकमेकांची नावं तरी ठाऊक आहेत का?" हे ते दोघं एकमेकांना म्हणायचे. तिसऱ्या कुणी म्हटलं तर त्याचे दात पडायचे, मग तो तिसरा कोणत्या का धर्माचा असेना.

कामाची वाटणी अशी होती. काका वाळूचे साचे बांधायचा, मुशीत पितळ वितळवायचा आणि ओतायचा. पितळ थंड झालं की साचा फोडून कडेचा वाढावा कानशीने घासून काढायचा. त्याच्या हातून मूर्ती बाहेर यायची ती अंगाने पुरी असायची. हात, दागिने, वस्त्राच्या चुण्या, पायांची नखंसुद्धा. फक्त चेहऱ्याच्या जागी अंड्यासारखा गुळगुळीत गोटा. तिथे काका मुद्दाम बोटाच्या पेराएवढं पितळ जादा सोडायचा. मग आप्पा आतल्या खोलीत बसून छिन्नीने त्या जादा पितळातून चेहरा काढायचे. शेवटचं पॉलिश माझ्याकडे असायचं.

बाकीचे ओतारी चेहऱ्यासकट ओततात. त्यात मेहनत कमी. आमच्याकडे हा उलटा कारभार होता, कारण काकाचा हात चेहऱ्यापाशी थांबायचा. बिनचेहऱ्याचं आहे तोवर ते पितळ, असा त्याचा हिशोब होता. त्यांच्या प्रार्थनाघरातल्या गुरुजींना हा हिशोब मान्य नव्हता. त्यांनी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं की धड ओतणं आणि चेहरा कोरणं, पाप सारखंच. काका म्हणाला, "प्रार्थनेआधी हातपाय धुता ना, त्या नळाची तोटी त्याच मुशीतली आहे. काढून नेऊ का?" मग त्याने तिथला लाकडी बाक उलटा केला आणि निघून आला. पण घरी आल्यावर दोन दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. गुरुजींचं म्हणणं त्याला लागलं होतं. काम मात्र त्याने सोडलं नाही.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. सात वर्षांचा असताना त्याने साच्याच्या ओल्या मातीतून बापाचा चेहरा केला होता, इतका हुबेहूब की त्याच्या आईने हसत शेजारणीला बोलावलं. बापही ओतारीच. त्याने तापलेल्या सांडशीत पोराची बोटं दाबली. मी मोठी झाल्यावर काकाला एकदा विचारलं, "म्हणजे तू बापाच्या भीतीने चेहरा करत नाहीस." विचारल्यावर मला वाटलं, आता खाते मी एक.

"आधी भीतीनेच," तो म्हणाला. "मग बाप मेला, भीती गेली. महिनाभर विचार केला, आता कोण अडवतंय, करावा का एखादा. आणि लक्षात आलं की मला करायचाच नाही. तेव्हापासून हे माझं आहे. बापाचं नाही."

आप्पांनी त्याला कधीही चेहरा कर म्हटलं नाही. हातावर काम उरलेलं असायचं, गिऱ्हाईक दारात उभं असायचं, एकदा आप्पांचे डोळे येऊन लाल झाले होते आणि पंधरा दिवस छिन्नी धरता येत नव्हती, तेव्हाही नाही. उलट मूर्तीचे डोळे उघडायची वेळ आली की आप्पा आतून हाक द्यायचे, "डोळे घेतोय." काका भट्टीचा पंखा बंद करून गल्लीत जाऊन उभा राहायचा. झालेल्या चेहऱ्यांवर मी कापड टाकायचे, मगच तो आत यायचा. आणि त्याच्या प्रार्थनेच्या वेळी आप्पांची हातोडी थांबायची. एकदा घाईचं काम होतं म्हणून मी पॉलिशचं चाक चालू ठेवलं, तर आप्पांनी उठून चाकाचा पट्टाच ओढून काढला. यावर त्या दोघांत कधी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. एरवी ते कडाकडा भांडायचे. एका ओतीव कामात बुडबुडे राहिले म्हणून काकाने आप्पांवर हातोडी फेकली होती, त्याची खूण आतल्या दाराच्या चौकटीवर आहे.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा शहर पेटलं. सुरुवात बाजारात झाली, धक्काबुक्कीतून. एक माणूस मेला. तो कोणत्या बाजूचा, हे लोकांनी तो मेल्यावर शोधून काढलं. संध्याकाळपर्यंत दुकानं जळत होती. त्यांच्या प्रार्थनाघराच्या काचा गेल्या, आमच्या देवळाचा पुजारी पायऱ्यांवर भोसकला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यात होतो. शहाणी माणसं घरी होती, पण आमची मूस आदल्या दिवशीपासून लावलेली होती आणि पंपाच्या तोट्यांचं काम अर्धवट होतं. मांडणीवर तेवीस मूर्ती ओतून, घासून तयार होत्या, हातभर उंच एकेक. आमच्या लोकांचं नवं देऊळ बांधून होत आलं होतं, त्याच्यासाठी. आप्पा दुसऱ्या दिवसापासून चेहऱ्यांना बसणार होते.

दुपारी दारावर धोंडे पडायला लागले. काकाने मला ढकलून पॉलिशच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. खोलीची भिंत फळ्यांची होती. पुढचं सगळं मी दोन फळ्यांच्या फटीतून पाहिलं.

ते काकाचे लोक होते, त्याच्याच गल्लीतले पंचवीस-तीस जण. पुढे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. धाकटा म्हणाला, "देव बनवणारा आत आहे. त्याला बाहेर दे आणि तू घरी चल."

"तुझी प्रार्थना झाली का?" काकाने विचारलं.

"झाली."

"माझी राहिलीये. नंतर या."

कुणीतरी हसलंसुद्धा. मग दार मोडलं. दोघांनी काकाला भिंतीशी दाबून धरलं, बाकीचे आतल्या खोलीत शिरले आणि आप्पांना शर्टाला धरून फरफटत बाहेर आणलं. त्यांनी आप्पांचा उजवा हात ऐरणीवर ठेवला. हातोडी आप्पांचीच, बाकावरची. पहिला घाव मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो, पण मला तो भिंतीपलीकडून ऐकू आला. तिसऱ्या घावानंतर आप्पा ओरडायचे थांबले, कारण तोवर कुणीतरी त्यांच्या डोक्यात लोखंडी कांब घातली होती. मी फळीवर डोकं आपटून ओरडत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

काका दोघांना झटकून सुटला ते थेट भट्टीकडे. त्याने लांब दांड्याचा पळा मुशीत बुडवला आणि वितळलेलं पितळ त्यांच्या पायांशी फेकलं. कोण पुढे आहे हे त्याने पाहिलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून सांगते, त्याने पाहिलं होतं. धाकट्याच्या डाव्या पायावर पितळ पडलं. बूट आणि पाय एक झाले. तो जो आवाज त्याच्या घशातून निघाला, त्याने बाकीच्यांना पळता भुई थोडी झाली. काका दुसरा पळा भरून दारात उभा राहिला. गल्ली रिकामी झाल्यावर त्याने तो परत मुशीत ओतला, सांडू न देता, आणि माझी कडी काढली.

आमच्याकडे एकच हातगाडी होती. तिच्यावर त्याने आप्पांना निजवलं, आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून धाकट्याला. मी आप्पांचं डोकं धरून चालत होते, ओढणी भिजून हाताला चिकटत होती. धाकटा शुद्धीवर होता आणि वाटभर काकाला शिव्या देत होता. "धर्म बुडवलास तू. सख्ख्या भावावर ओतलंस."

"गप्प पड," काका म्हणाला. "दुसरा पाय अजून आहे तुला."

इस्पितळात खाटा कमी होत्या. त्या दोघांना एकाच लांब खोलीत घातलं, मध्ये एक रिकामी खाट. आप्पांची चार बोटं काढावी लागली. ते शुद्धीवर येईनात. काका जमिनीवर सतरंजी टाकून बसला. तिथून त्याला दोन्ही खाटा दिसायच्या. धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

पाचव्या दिवशी सकाळी काका म्हणाला, "दार मोडकं आहे. तेवीस जण उघड्यावर पडलेत. जाऊन दाराला फळ्या ठोकून येतो." रस्ते शांत वाटत होते. आप्पांचे कपडे आणायला म्हणून मीही निघाले.

आमच्या आधी नव्या देवळाची समिती तिथे पोचली होती. मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात, असा त्यांचा चांगला विचार होता. त्यांच्यातला एकही माणूस कधी ओतारखान्यात आला नव्हता. ते आप्पांशी घरी येऊन बोलायचे आणि तयार, चकचकीत मूर्ती पाहायचे. त्यांनी मांडणीवर काय पाहिलं, तर तेवीस देव, अंगावर सगळे दागिने आणि चेहरे साफ नाहीसे. गोट्यांवर काकाच्या कानशीचे ताजे ओरखडे. खाली पितळेचा कीस. ज्याने त्याने मनाशी गोष्ट जुळवली. त्या जमावाने आप्पांचा हात ठेचला आणि या भडक्याने निवांत बसून तेवीस देवांची तोंडं घासून काढली. आम्ही गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ती गोष्ट तीन गल्ल्या फिरून परत आली होती, आणि तिच्यामागून शे-दीडशे माणसं आली होती.

त्यांनी काकाला उचलूनच आत नेलं. आत नेईपर्यंतच त्याचं एक कानशील फुटलं होतं. समितीचा अध्यक्ष दाण्याचा व्यापारी होता, त्याला आम्ही दाणेवाला म्हणायचो. पांढरा स्वच्छ शर्ट, आवाज हळू. त्याने एक मूर्ती उचलून काकाच्या तोंडापुढे धरली. "हे काय आहे?"

"चेहरे व्हायचेत अजून," काका म्हणाला. "ते नंतर करतात."

लोक हसले. मी गर्दीतून घुसून पुढे आले आणि तेच सांगितलं. कसं ओततात, जादा पितळ कशाला ठेवतात, छिन्नी कोण धरतं, सगळं. भराभर सांगितलं, रडत सांगितलं. दाणेवाला मला म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाचा हात यांनी तोडला. तू याची बाजू घेतेस, तुला घाबरवलंय का याने?" मागून कुणीतरी मला वेगळं काहीतरी म्हणालं, ते लिहिण्यासारखं नाही.

मग गर्दीतला एक गवंडी पुढे झाला. नव्या देवळाचं बांधकाम त्याच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "हे बघा, चेहरे नंतर करतात म्हणतोय ना, मग करून दाखवू दे. छिन्न्या इथेच आहेत. आपल्यासमोर एक चेहरा कोरू दे. खरं असेल तर सोडून द्या."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे मी लपवत नाही. मला तर सुटल्यासारखं झालं. कुणीतरी आप्पांची पेटी आणून काकासमोर उघडली, एक मूर्ती बाकाच्या पकडीत घट्ट बसवली आणि काकाचे हात सोडले.

काकाने पेटीला हात लावला नाही. "माझ्याने होणार नाही," तो म्हणाला.

"येत नाही?" गवंड्याने विचारलं. विचारण्याची तऱ्हा अशी होती की हो म्हण आणि सूट.

काकाने पेटीकडे पाहिलं. मला माहीत होतं की तो खोटं बोलणार नाही, आणि तो बोलावा म्हणून मी मनात माझ्या असतील नसतील त्या सगळ्या देवांना हाका मारत होते. "येतं," तो म्हणाला. "पण करणार नाही. आमच्यात चालत नाही."

पहिली कांब त्याच्या गुडघ्यावर बसली. तो पडला. मी त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि त्याचे पाय धरले. "काका, एक कोर. दोन डोळे आणि एक नाक, बाकी काही नको. वाकडं कोर, वाईट कोर, पण कोर. तुझा देव तुला माफ करेल. तो बघतोय ना, हे कसे उभे आहेत ते?"

काकाच्या ओठातून रक्त गळत होतं. तो माझ्यावर चिडला नाही, नेमकं तेव्हाच चिडला नाही. म्हणाला, "तुझ्या बापाने तीस वर्षांत हे मागितलं नाही."

"आप्पा इथे असते तर त्यांनीही मागितलं असतं."

"नसतं मागितलं," काका म्हणाला.

मला बाजूला ओढलं. नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कांबा होत्या, काठ्या होत्या, आमचीच सांडस होती. त्याने दोघांना तरी चांगलंच फोडलं. एकाचा कान त्याच्या दातात आला होता. तो काही साधुसंत नव्हता आणि शेवटच्या घटकेलाही झाला नाही. दाणेवाल्याने त्याला बोट लावलं नाही. तो शर्ट सांभाळून भिंतीशी उभा होता. शेवटी एकाने मांडणीवरची मूर्ती पायांकडून धरून उचलली, सात-आठ किलो भरीव पितळ, आणि काकाच्या डोक्यात घातली.

मी तेवढ्यात बाकापाशी पोचले होते. आप्पांची छिन्नी घेतली, हातोडी घेतली आणि पकडीतल्या त्या गोट्यावर मारायला लागले. मला कोरता येत नव्हतं, मी पॉलिशवाली. नाकाची एक बाजू काढली, ती भलतीकडे गेली. डोळ्याची खाच घेतली. छिन्नीखालून पितळेची साल वळत वळत निघत होती आणि बाकावर पडत होती. मी रडत नव्हते तेव्हा. मला फक्त इतका राग आला होता की हात थांबत नव्हता.

गवंडी जवळ आला. त्याने मला थांबवलं नाही. मी जिथे कापलं होतं तिथे अंगठा घातला आणि खोली पाहिली. मग मांडणीवरच्या दुसऱ्या मूर्तीच्या गोट्यावरून, तिसरीच्या गोट्यावरून हात फिरवला. "अहो, हे पुढे आलेलं आहे," तो म्हणाला. "घासलं असतं तर आत गेलं असतं. इथे माल सोडलाय, कोरायला." कुणी ऐकेना, तसा तो ओरडला, "माल सोडलाय इथे. मुद्दाम सोडलाय."

ज्याच्या हातात मूर्ती होती त्याने ती जागेवर ठेवायला बघितलं, पण तिला रक्त लागलं होतं, तेव्हा तो ती घेऊन तसाच उभा राहिला. लोक जायला लागले. एकेक करून, कुणाकडे न बघता. एकाने जाता जाता कलंडलेली मांडणी सरळ केली. दाणेवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गैरसमज झाला." मी त्याच्या पांढऱ्या शर्टावर थुंकले. तेवढं एक मी त्या दिवशी बरोबर केलं.

गवंडी आणि मी काकाला त्याच हातगाडीवरून इस्पितळात नेलं. मधली खाट रिकामीच होती. तिच्यावर तो तीन दिवस होता. बोलला नाही, कण्हला नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने कूस बदलली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्या दुपारी काकाचा श्वास थांबला, तेव्हा धाकटा एका पायावर उड्या मारत, खाटेच्या कडा धरत आला, आणि नर्स यायच्या आत त्याने आपल्या हाताने त्याचे डोळे मिटले. मग तो तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडला. मला त्याची दया आली नाही. आता येते कधीकधी.

काकाच्या लोकांनी म्हटलं, मूर्ती ओतत होता, फळ मिळालं. माझ्या लोकांनी म्हटलं, हट्टी होता, दोन रेघा मारायला काय जात होतं. दोन्हीकडे लोक मान डोलावून, समजूतदारपणे बोलत होते. आणि खरं सांगते, मीही त्याच्यावर संतापले होते. घरी येऊन मी त्याचा चहाचा पेला भिंतीवर फोडला. मरायची एवढी कसली घाई होती त्याला? देव एवढा मोठा, सगळं बनवणारा, त्याला एका ओताऱ्याने काढलेल्या वाकड्या नाकाचा राग आला असता का? हे मी मोकळ्या घरात मोठ्याने विचारत होते.

आप्पा नऊ दिवसांनी शुद्धीवर आले. पाणी मागितलं. उजव्या हाताच्या बँडेजकडे पाहिलं. मग शेजारची खाट पाहिली, तिच्यावर भलताच म्हातारा निजला होता. "भडका कुठाय?"

डॉक्टर म्हणाले होते, एकदम काही सांगू नका. पण आप्पांना मी आयुष्यात कधी काही अर्धं सांगितलेलं नाही. मी सगळं सांगितलं. पळा, हातगाडी, समिती, कानशीचे ओरखडे. ते डोळे मिटून ऐकत होते आणि डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर जात होतं. गवंड्याची तोड सांगितली, काका येतं म्हणाला ते सांगितलं. मग मी म्हणाले, "मी त्याच्या पाया पडले आप्पा. म्हटलं, काका, एक चेहरा कोर."

आप्पांनी डोळे उघडले. डावा हात उचलला, त्यात सलाईनची सुई होती, आणि माझ्या तोंडात मारली. लागलं काहीच नाही, त्या हातात जोर नव्हता. सुई निसटली आणि चादरीवर थेंब पडले. आप्पांनी त्याआधी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता.

"त्यांनी मागितलं," आप्पा म्हणाले. "ते परके. त्यांना काय ठाऊक. तू त्याच्या हाताखाली वाढलीस, आणि तू मागितलंस?"

"तो जगला असता, आप्पा."

"हो," आप्पा म्हणाले. "जगला असता." आणि त्यांनी तो रक्त येणारा हात तोंडावर घेतला.